जकातनाका रस्त्यावरचा अडथळा

समोरच्या घरी जाण्यासाठी रोहिणी खैरनारनं पहिल्यांदा गाडी मागवली, तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली.

घर दिसत होतं. तिच्या गॅलरीतून हेमाताईची गॅलरी दिसत होती, दोरीवरचा टॉवेल दिसत होता, जाळीमागे खुर्चीत बसलेली ताईही दिसत होती. मध्ये फक्त जकातनाका रस्ता होता. पण त्या रस्त्याच्या कडेला, खांबावरचं बटण दाबून, ती इतका वेळ उभी राहिली होती की डब्यातली खिचडी निवून गेली. शेवटी तिनं मोबाइल काढला. बिनचालकाची पांढरी गाडी लगेच हजर झाली. तिला घेऊन ती डावीकडे निघाली, बाजार समितीच्या चौकातून पुढे गेली, उड्डाणपुलावर चढली, पलीकडे उतरली, वळसा घालून परत आली आणि ताईच्या फाटकासमोर थांबली. गाडीतल्या पडद्यावर अक्षरं उमटली, "अखंड निवडल्याबद्दल आभार. आज तुमचा एकही क्षण वाया गेला नाही."

रोहिणीनं उतरून दार जोरात आपटलं. पण ते हळूच, आवाज न करता मिटलं. तसलीच बनावट होती त्याची.

दोघी बहिणी समोरासमोर राहायला आल्या होत्या त्या ठरवून. हेमलता मोठी, धरणपूरच्याच एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली. रोहिणी धाकटी, आयुष्यभर सरकारी रुग्णालयात परिचारिका. रोहिणीनं लग्न केलं नव्हतं. हेमाताईचे यजमान गेले आणि मुलगा यशोधन लग्नानंतर शहराच्या नव्या भागात राहायला गेला, तेव्हा रोहिणीनं आपली जागा विकून ताईच्या समोरच्या इमारतीत फ्लॅट घेतला. एकत्रच राहू, असं ती म्हणाली होती. ताईनं नको म्हटलं. एका घरात राहिलो तर भांडत बसू, समोरासमोर राहिलो तर एकमेकींकडे जात राहू, असं तिचं म्हणणं होतं. तसंच झालं. सकाळी ताई रस्ता ओलांडून रोहिणीकडे यायची, दोघी शेजारच्या गोलबागेत फिरायच्या. संध्याकाळी रोहिणी डबा घेऊन पलीकडे जायची.

मग ताईला कंपवात झाला. आधी हात, मग चाल. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावून सांगितलं की गोळ्यांइतकंच चालणं महत्त्वाचं आहे, एक दिवसही चुकवायचं नाही. या आजारात पाय मध्येच जमिनीला चिकटतात. माणसाला पुढे जायचं असतं, ताकदही असते, पण मेंदूकडून पायाकडे निघालेला निरोप वाटेत अडकतो. डोळ्यांसमोर एखादी आडवी रेघ आली, की मेंदू वेगळ्या वाटेनं तो निरोप धाडतो आणि पाऊल उचललं जातं. रोहिणीला हे माहीत होतं. आणि जकातनाका रस्त्यावर पादचाऱ्यांसाठी पांढरे पट्टे होते. सपाट फुटपाथवर अडखळणारी हेमाताई त्या पट्ट्यांवरून बऱ्यापैकी चालायची. एक पट्टा, एक पाऊल. सिग्नल लाल असायचा, गाड्या उभ्या असायच्या, आणि वॉकर ढकलत ताई या काठाहून त्या काठाला यायची. तिला वेळ लागायचा. कधीकधी कोणीतरी हॉर्न वाजवायचं. पण गाड्या थांबायच्या.

हे सगळं "अखंड" येण्याआधीचं.

अखंड ही धरणपूरची नवी वाहतूक प्रणाली. ती उभारणाऱ्या अभियंत्यांत यशोधन होता. हेमाताईच्या जेवणाच्या टेबलावर बसून त्यानं आईला आणि मावशीला ती समजावून सांगितली, तेव्हा त्याचा चेहरा अभिमानानं फुलला होता. चौकात लाल दिवा लागतो, कारण गाडी माणूस चालवतो आणि एका माणसाला दुसऱ्याच्या मनातलं कळत नाही, तो म्हणाला. आता गाड्या स्वतःच चालतात. प्रत्येक गाडी आपण कुठे आहोत, किती वेगात आहोत, पुढच्या क्षणी कुठे असू, हे सतत सांगत असते. मग शहराच्या मध्यवर्ती संगणकाला चौकातली एकेक जागा एकेका गाडीसाठी, अगदी क्षणापुरती, आधीच राखून ठेवता येते. पूर्वेकडच्या गाडीला किंचित हळू करायचं, उत्तरेकडचीला किंचित पुढे काढायचं, की दोघी एकमेकींना न लागता पार होतात. सिग्नल नको, लाल दिवा नको, थांबणंच नको.

एखादी गाडी चुकली तर काय, असं रोहिणीनं विचारलं. त्याचंही उत्तर त्याच्याकडे होतं. प्रत्येक गाडीला स्वतःचे डोळे असतात आणि समोर माणूस आला की ती थांबते. कायद्यानंच ते बसवलेलं आहे. अखंडलासुद्धा त्यात हात घालता येत नाही. आणि एक गाडी थांबली की मागच्या सगळ्यांना त्याच क्षणी कळतं, त्याही थांबतात.

रोहिणीला मनापासून आनंद झाला होता. अपघात विभागात तिनं किती वर्षं काढली होती. रस्त्यावरून उचलून आणलेली माणसं, त्यांचे फाटलेले कपडे, बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक, हे सगळं तिनं पाहिलेलं होतं. ते थांबणार असेल तर आणखी काय पाहिजे. आणि ते खरोखरच थांबलं. अपघात जवळजवळ संपले. धूर गेला. रुग्णवाहिका कुठेही न अडकता धावू लागल्या. हे सगळं खरं होतं, म्हणूनच पुढचं कोणाच्या डोळ्यांवर आलं नाही.

चालणाऱ्यांचं काय, हे त्या दिवशी हेमाताईनं विचारलं होतं. त्यांच्यासाठी खांब आहे, यशोधन म्हणाला. बटण दाबायचं, खांबावरचा कॅमेरा बघून घेईल आणि संगणक योग्य वेळी रस्ता मोकळा करून देईल. एवढं बोलून तो पुन्हा चौकांकडे वळला.

सुरुवातीला रस्ता मोकळा व्हायचाही. बटण दाबलं की थोड्या वेळात गाड्या मंदावायच्या, खांबावर हिरवी पट्टी उजळायची. मग वेळ वाढत गेला. रोहिणीला आधी वाटलं, आपल्यालाच घाई आहे. नंतर तिच्या लक्षात आलं की कॉलेजच्या मुली बटण दाबतात आणि झपझप निघून जातात, आणि त्या नसल्या की आपण ताटकळत राहतो. ताई बरोबर असली तर विचारायलाच नको. दोघी खांबाशी उभ्या राहायच्या. समोरून गाड्या वाहायच्या, एकीच्या मागे एक, मध्ये हात घालायलाही जागा नाही. ताईचा वॉकर थरथरायचा. उभं राहून तिचे पाय ताठायचे आणि हिरवी पट्टी उजळायच्या आधीच ती परत फिरू या म्हणायची.

हळूहळू रस्त्याच्या दोन बाजू दोन गावांसारख्या झाल्या. पलीकडचं वाचनालय वाचक येईनात म्हणून बंद पडलं. अलीकडचा भाजीवाला पलीकडची गिऱ्हाइकं तुटली म्हणून कुठेतरी निघून गेला. शाळेच्या मुलांना आईबाप गाडीतून समोर पोचवू लागले. गाड्या आणखी वाढल्या. गाड्या वाढल्या की फट मिळणं आणखी कठीण झालं.

ताईचं बागेत येणं आधी अधूनमधून चुकू लागलं, मग थांबलं. ती घरातल्या घरात फेऱ्या मारायची. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत आणि परत. पण घरातली जागा ती केवढी. दिवाळीपर्यंत तिला खुर्चीतून उठायला हात द्यावा लागू लागला. रोहिणीनं किती पेशंट असे हळूहळू खुर्चीत रुतताना पाहिले होते. आपल्या ताईला तसं होताना ती आता रोज गाडीतून वळसा घालून बघायला जात होती.

यशोधन दर रविवारी यायचा. गाडी फाटकाशी सोडायची, फाटकातून घ्यायची. एका रविवारी रोहिणीनं त्याला गॅलरीत नेलं आणि सरळ विचारलं, तुझं यंत्र ताईला रस्ता का देत नाही.

त्यानं टाळलं नाही. प्रामाणिकच होता तो. एका माणसाला ओलांडायला जितका वेळ लागतो, तितकी मोठी फट गाड्यांच्या ओघात पाडावी लागते, त्यानं सांगितलं. फट मोठी तितक्या जास्त गाड्या मंदावतात, त्यांच्या मागच्या मंदावतात, त्यांच्याही मागच्या. त्या सगळ्या माणसांचा वाया जाणारा वेळ संगणक एकत्र मोजतो आणि तो खांबाशी उभ्या असलेल्या एका माणसाच्या वेळेशी ताडून बघतो. चपळ माणसाचा गाड्यांवर पडणारा भार कमी असतो, त्याला लवकर वाट मिळते. हळू चालणाऱ्याचा भार फार असतो. कॅमेऱ्याला चाल ओळखता येते. म्हणून आईसारख्यांना फट सापडेपर्यंत थांबावं लागतं, आणि गर्दीच्या वेळी ती सापडतच नाही.

"म्हणजे जो जितका अपंग, त्याला तितकं जास्त थांबवायचं," रोहिणी म्हणाली.

"असं कोणी ठरवलं नाही, मावशी. हिशेबातून ते तसं येतं."

"यंत्राला ती तुझी आई आहे हे माहीत नाही, हे मी समजू शकते. तुला माहीत होतं."

त्यानं खाली रस्त्याकडे पाहिलं. मग त्यानं हळूच सांगितलं की हा प्रश्न तसाही फार दिवस राहणार नाही. जकातनाका रस्त्यावर चालणाऱ्यांची मागणीच जवळपास संपली आहे. बटण दाबणारे कमी झालेत, आणि दाबून निघून जाणाऱ्यांची मागणी तर रद्द धरली जाते. त्यामुळे पट्टे पुसायचे, खांब काढायचा आणि दोन्ही कडांना कठडा घालायचा, असा प्रस्ताव आहे. सुरक्षिततेसाठी. पुढच्या आठवड्यात नागरिकांची सभा आहे, मावशीनं यावं, म्हणणं मांडावं.

रोहिणी गेली. सभागृह थंडगार होतं. मुख्य अभियंता सबनीस हे मृदू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. एक चालणाऱ्यांची, खाली उतरत गेलेली. दुसरी गाड्यांच्या फेऱ्यांची, वर चढत गेलेली. धरणपूरच्या नागरिकांनी आपली पसंती स्पष्ट केली आहे, ते म्हणाले.

रोहिणी उभी राहिली. तिचा आवाज चढलेला नव्हता. वॉर्डमध्ये निष्काळजी डॉक्टरांशी ती ज्या आवाजात बोलायची, त्या आवाजात ती बोलली.

"त्या वर चढणाऱ्या रेघेत मी आहे. बहिणीला डबा पोचवायला मी गाडीतून जाते. तिचं घर माझ्या समोर आहे. मी चालत जाऊ शकते, मला चालत जायचंय, तुम्ही मला जाऊ देत नाही. आणि माझ्या या नाइलाजाची रेघ काढून तुम्ही मलाच सांगताय की ही माझी पसंती आहे."

सबनीसांनी मान हलवून ऐकून घेतलं. तुमच्या भावना मी समजू शकतो, ते म्हणाले. मग त्यांनी सुचवलं की दोघी बहिणींनी रस्त्याच्या एकाच बाजूला राहायला जावं, तशा ज्येष्ठांना घर बदलायला मदत करण्याची योजनाही आहे. मागून एका व्यापाऱ्यानं उठून सांगितलं की दोन म्हाताऱ्या बायकांसाठी शहर पुन्हा सिग्नलच्या काळात नेता येणार नाही. थोड्या टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत यशोधन मान खाली घालून बसला होता. रोहिणीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. प्रस्ताव मंजूर झाला.

तिचा संताप घरी आल्यावरही उतरेना. तिनं ताईला सगळं सांगितलं, यशोधन गप्प बसला होता हेही सांगितलं. हेमाताई ऐकत राहिली. ती एवढंच म्हणाली, की त्याला नोकरी आहे.

चार-दोन दिवसांत यंत्र घेऊन माणसं आली आणि पांढरे पट्टे खरवडून त्यांनी त्यावर डांबर फिरवलं. रस्ता सलग काळा झाला. दुसऱ्या दिवशी कठड्याचे लोखंडी भाग फुटपाथवर आणून रचले गेले.

त्या दिवशी दुपार कलताना रोहिणी गॅलरीत कपडे काढत होती. तिनं सहज समोर पाहिलं तर ताईच्या फाटकातून वॉकर बाहेर येत होता. मागे ताई. अंगावर बाहेर जायची साडी, पायात चालायचे बूट. ते बूट तिनं एकटीनं कसे चढवले असतील, हे रोहिणीला कळेना. तिला वाटलं, ताई फाटकापर्यंत आली असेल. पण ताई फुटपाथच्या उतारापाशी आली. खांबाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. तिनं वॉकरची पुढची चाकं रस्त्यावर उतरवली.

रोहिणी जिन्यावरून धावली. या वयात धावणं म्हणजे काय, ते तिचे गुडघे तिला सांगत होते. खाली पोचेपर्यंत तिला काय काय दिसत होतं, ते तिनं नंतर कोणाला सांगितलं नाही.

इमारतीच्या दारातून ती बाहेर आली आणि जागीच थांबली. रस्ता शांत होता. टायरांची सतत येणारी घरघर, जी इतक्या दिवसांत कानांना जाणवेनाशी झाली होती, ती बंद झाली होती. नाक्यापासून उड्डाणपुलापर्यंत गाड्या उभ्या होत्या. मधोमध, काळ्या डांबरावर, निळ्या साडीतली हेमाताई उभी होती. तिचे पाय चिकटले होते. पट्टे नव्हते. आधार घ्यायला डोळ्यांना एक रेघसुद्धा नव्हती. तिचं सगळं अंग थरथरत होतं, आणि पाय मात्र हलत नव्हते.

रोहिणी उभ्या गाड्यांच्या मधून तिच्याकडे चालत गेली. कोणी काच खाली करून विचारत होतं काय झालं, कोणी मोबाइल वर धरून चित्रीकरण करत होतं. एक गृहस्थ म्हणत होते, आजीबाईंना बाजूला घ्या कोणीतरी, माझी मीटिंग आहे. मागच्या गाडीतली एक बाई दार उघडून खाली उतरली होती, पण काय करावं हे तिला सुचत नव्हतं.

खांबातून एक गोड आवाज येऊ लागला. "कृपया अडथळा दूर करा. कृपया अडथळा दूर करा."

"कोणाला म्हणतंय ते?" हेमाताईनं विचारलं.

"आपल्याला," रोहिणी म्हणाली.

तिनं आपलं एक पाऊल ताईच्या पायापुढे आडवं ठेवलं. माझ्या पायावरून टाक, ती म्हणाली. ताईनं खाली पाहिलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तिचा उजवा पाय उचलला गेला, रोहिणीच्या पावलावरून पलीकडे गेला आणि टेकला. रोहिणीनं पाऊल काढून पुन्हा पुढे आडवं ठेवलं. पुन्हा एक. दोघी अशा निघाल्या, रोहिणी उलटी चालत, ताई तिच्या पावलांवरून. रस्ता अजून बराच होता. थोडं पुढे आल्यावर ताई म्हणाली, मला जरा बसायचंय. वॉकरला बैठक होती. रोहिणीनं चाकं अडवली आणि हेमलता ढवळे जकातनाका रस्त्याच्या मधोमध बसली, पदर सारखा केला आणि दम खाऊ लागली.

त्या वेळी नियंत्रण कक्षात काय चाललं होतं, ते पुढे चौकशीत सगळ्यांना कळलं. भिंतीवरच्या नकाशात एक लाल ठिपका उमटला होता आणि त्याच्यापासून लाली मागे पसरत चालली होती. ठिपक्यावर शब्द होता, अडथळा. सबनीसांनी गस्तीपथकाला निघायला सांगितलं. पथक येईपर्यंत अडथळ्याच्या दोन्ही बाजूंच्या मार्गिका मोकळ्या करा, गाड्या अंतर राखून कडेनं काढा, असा त्यांनी आदेश दिला. नियमात ते बसत होतं. गाड्यांना कोणाला धक्का लावायचाच नव्हता, फक्त तिच्या अंगावरून वारा जावा इतक्या जवळून त्या निघून गेल्या असत्या. तो आदेश अमलात आणायचं काम यशोधनचं होतं.

त्यानं कॅमेरा जवळ घेतला. बसलेली बाई दिसली, तिच्यासमोर मावशी उभी दिसली. त्यानं मार्गिका उघडल्या नाहीत. भूकंपासारख्या संकटासाठी राखून ठेवलेली एक आज्ञा होती, सगळं जिथल्या तिथे थांबवणारी. ती त्यानं संपूर्ण जकातनाका रस्त्याला दिली, आणि त्याला मिळणाऱ्या चारही रस्त्यांना. अर्धं धरणपूर उभं राहिलं.

हे काय करतोस, असं सबनीसांनी विचारलं. ती माझी आई आहे, असं त्यानं सांगितलं. सबनीसांनी पडद्याकडे पाहिलं. मग त्यांनी समजुतीच्या स्वरात सांगितलं की आधी तिला फोन कर आणि बाजूला व्हायला सांग.

"ती चालतेच आहे, सर," यशोधन म्हणाला. "तिला इतकाच वेळ लागतो."

तेवढा वेळ त्यानं आज्ञा मागे घेतली नाही. कक्षातल्या कोणी त्याच्या हाताला हात लावला नाही. पडद्यावर बसलेली बाई उठली, दोघी पावलापावलानं गोलबागेच्या बाजूला पोचल्या, आणि खाली उतरलेल्या त्या गाडीतल्या बाईनं वॉकर उचलून फुटपाथवर ठेवला. मग गाड्या सुटल्या. संध्याकाळी यशोधनला निलंबित केल्याचं सांगण्यात आलं.

बातम्यांत आलं, "वृद्धेच्या हट्टामुळे शहर ठप्प." हेमाताईवर वाहतुकीत व्यत्यय आणल्याचा गुन्हा नोंदला गेला. कोणी म्हणालं, तिला डोक्याचा त्रास आहे. कोणी म्हणालं, मुलानं आईला मुद्दाम पाठवलं. रोहिणीनं वाचणं सोडून दिलं. पण दुसऱ्या दिवशी तिच्या दारात माणसं येऊ लागली. एक अंध शिक्षक आले, त्यांच्या बटणाला कधीच उत्तर मिळत नव्हतं. बाळंतपणानंतर हळू चालणारी एक मुलगी आली. मुलाला समोरच्या शाळेत गाडीतून सोडणारे आईबाप आले, थोडे शरमलेले. आपण एकटेच असे अडकलोय, असं त्यातल्या प्रत्येकाला वाटत होतं.

यशोधन चालत आला. बसनं नाक्यापर्यंत, पुढे पायी. आईसमोर बसला आणि तिची क्षमा मागू लागला. तू मला कधी बोलली का नाहीस, असंही त्यानं विचारलं.

हेमाताईचा आवाज आजारानं बारीक झाला होता, पण शब्द स्पष्ट होते. "तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. तिथेच चुकलं माझं. तुला वाईट वाटायला हवं होतं, यश."

तिनं त्याला जवळ घेतलं नाही आणि तोंडही फिरवलं नाही. चहा घेऊन जा, एवढं म्हणाली. तो बराच वेळ बसून राहिला.

चौकशी समितीपुढे तो नोकरी वाचवण्यासाठी काहीही बोलला असता तर चाललं असतं. भावनेच्या भरात झालं, असं लिहून दे, असं त्याला सुचवण्यातही आलं होतं. त्यानं तसं केलं नाही. चालणाऱ्यांची मागणी कमी झालेली नाही, आम्ही ती नाकारली आणि नाकारलेल्यांना मोजलं नाही, असं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. जे कंटाळून घरी गेले, त्यांना जायचंच नव्हतं असं आम्ही धरलं. जे नाइलाजानं गाडीत बसले, त्यांना आम्ही आमचं यश म्हणून दाखवलं. गणितात चूक नव्हती. गाड्यांनी थांबायचं नाही हे आम्ही आधी ठरवलं आणि मग गणित मांडलं, चूक तिथे आहे. शेवटी त्यानं मागणी केली की खांब आणि बटण काढून टाका, माणसानं रस्ता मागायची पाळी येऊ नये. ठरावीक ठिकाणी, ठरावीक वेळानं, सगळ्या गाड्या थांबल्या पाहिजेत. तिथे कोणी उभं असो वा नसो.

त्याची नोकरी गेली. सबनीसांची बदली मोठ्या शहरात, मोठ्या जागेवर झाली. मागणी मात्र पुढे सरकली, कारण रोहिणीच्या दारात आलेली माणसं घरी परतली नव्हती. ती सगळी प्रत्येक सभेला गेली, न्यायालयात गेली, रस्त्याच्या कडेला रोज बसली. कठडा कधी बसला नाही. तरी निर्णय व्हायला हिवाळा गेला, उन्हाळा गेला. ज्यांना रस्त्यावर क्षणही वाया घालवायचा नव्हता, त्यांना या कामाची घाई नव्हती.

तेवढ्या काळात हेमाताईचं चालणं गेलं. त्या दुपारी ती चालली, ते तिचं शेवटचं मोठं चालणं. डॉक्टरांनी व्यायाम बदलले, गोळ्या बदलल्या आणि शेवटी रोहिणीला बाजूला घेऊन सांगितलं की या आजारात गेलेले महिने परत मिळत नाहीत. रोहिणीला ते सांगायची गरज नव्हती. ती कोणावर ओरडली नाही. ओरडावं असा एक माणूस तिला सापडत नव्हता, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग होता. ज्यानं त्यानं आपापलं काम नीट केलं होतं, आणि तिच्या बहिणीचे पाय गेले होते.

जकातनाका रस्त्यावर सक्तीचा थांबा सुरू झाला, त्या सकाळी यशोधननं आईला चाकाच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. रोहिणी शेजारी उभी राहिली. थोडी माणसं जमली होती. दिवा लाल झाला आणि गाड्या मंदावत, एकेक करत, थांबल्या. जमलेली माणसं ओलांडून पलीकडे गेली. काही जण परत येऊन पुन्हा गेले. मग गर्दी पांगली, जो तो आपल्या कामाला लागला.

थोड्या वेळानं दिवा पुन्हा लाल झाला. या वेळी ओलांडायला कोणीच नव्हतं. यशोधननं खुर्चीचे दांडे धरले आणि निघू या का, असं विचारलं. हेमाताईनं हातानंच थांब म्हटलं. समोर रिकामा रस्ता पसरला होता आणि त्याच्या काठाला गाड्यांची रांग उभी होती.

पहिल्या गाडीतल्या गृहस्थांनी काच खाली केली. त्यांच्या स्वरात वैताग होता, पण वयाचा मान राखून ते म्हणाले, "आजी, जायचंय ना तुम्हाला? मग जा की."

"आत्ता नाही जायचं," हेमाताई म्हणाली.

"मग आम्ही कशाला थांबलोय?"

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. तिच्या मांडीवरचे हात थरथरत होते. आवाज त्यांच्यापर्यंत पोचावा म्हणून तिनं श्वास गोळा केला.

"थांबता का, ते बघतेय," ती म्हणाली.

गृहस्थांनी काच वर केली. दिवा लाल होता आणि गाड्या उभ्या होत्या. तिघंही तिथेच, दिवा बदलेपर्यंत, बघत राहिली.